जनमभराचं कनेक्शन

तुम्हाला वाटलं असेल, बुऱ्हाणपूरचा पोरगा जुन्या दिवसांचं लिहू राहिला म्हणजे आता किल्ला येणार, मग ताप्तीचा घाट, मग बेगमेची गोष्ट, आणि शेवटी मावा जलेबीवर गाडी थांबणार. थांबा जरा. बेगम येणार नाही. जलेबी मी आत्ताच खाऊन आलो, ती पण संपली. येणार आहे ती एक ताटली. गाडीच्या चाकाहून मोठी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची, जाळीची, नटबोल्ट गंजलेले. सध्या तिच्यात जुनं लुगडं अंथरून शोभा वहिनीने लाल मिरच्या वाळत घातल्यात.

मी वहिनीच्या गच्चीवर उभा आहे आणि शिंकू राहिलो. खाली भंगारवाला हातगाडी लावून बिडी ओढत बसलाय. ताटली उतरवायची म्हणून वहिनीने मला जळगावहून बोलावून घेतलं. जळगावात मी भोंग्याच्या रिक्षांसाठी आवाज भरतो. साड्यांचा सेल, दातांचा दवाखाना, हरवलेली म्हैस, जे म्हणाल ते. मी फोनवर म्हणालो, "वहिनी, भंगारवाल्याची पोरं काढतील की." ती म्हणाली, "चढवताना तू होता, उतरवताना पण तूच ये," आणि फोन ठेवला. शोभा वहिनीशी वाद घालायचा नसतो. तिची नक्कल पण मला कधी जमली नाही. गल्लीतली बाकी सगळी माणसं माझ्या गळ्यात होती, ही एकटी नाही आली.

ताटली मन्नू भाऊची. वहिनीचा नवरा. नाव मनोहर, पण गल्लीत पूर्ण नावाने हाक मारायला माणूस एकतर पाहुणा पाहिजे नाहीतर पोलीस. भाऊ आधी पॉवरलूमवर होता. मागाच्या खटखटीत माणूस ओरडूनच बोलतो, मग घरी आला तरी तसाच बोलतो. मीठ मागितलं तरी वाटायचं भांडण सुरू झालं. आणि बोलता बोलता मध्ये खोकला. सुताची धूळ छातीत बसली की ती भाडं न देता राहते. तेव्हा आम्ही तिकडे लक्षच दिलं नाही. मागावरचे सगळेच खोकायचे. तो आमच्या मोहल्ल्याचा आवाजच होता, माग, खोकला, अजान, आरती.

मग भाऊ नेपानगरला गेला आणि तिथे कॉलनीत एकाच्या हाताखाली केबल टीव्हीची वायर ओढायचं काम शिकून आला. आला तो डोळे मोठे करून. आमच्या घरी ओट्यावर बसून आईला समजावू राहिला, "काकू, आपल्या इकडे कुंडीभंडाऱ्याचं पाणी कसं येतं? जमिनीखालून, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत, दुसरीतून तिसरीत. बस. हे तसंच. फक्त गच्चीवरून."

आई म्हणाली, "आणि पाण्याच्या जागी काय येणार?"

"पिक्चर."

"मग ते पाणीच बरं होतं."

पण आईचा जीव त्यात अडकला होता, मला दिसलं. तोपर्यंत आमच्याकडे सरकारी टीव्ही, संध्याकाळी शेतीचं सांगणार, मग बातम्या, आणि मध्येच 'रुकावट के लिए खेद है'. रुकावटीची पाटी मी तोंडाने वाजवून दाखवायचो. लोक त्यालाही हसायचे, एवढे दिवस कोरडे होते.

भाऊ बँकेत गेला होता. तिथला साहेब म्हणाला, आकाशातून टीव्ही पकडायला कर्ज कसं देणार, आकाश तारण ठेवतोस का. हे भाऊने सांगितलं आणि मी लगेच त्या साहेबाच्या नाकातल्या आवाजात करून दाखवलं. भाऊ हसला, खोकला, आणि हसता हसता रडवेला झाला. म्हणून मग बायकांची बीसी मध्ये आली. भिशीला आमच्याकडे बीसी म्हणतात. आमच्या गल्लीची बीसी आईच्या हातात. महिन्याला दुपारी सगळ्या जमायच्या, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या, कुठल्यातरी लहान पोराचा हात आत, निघेल ती त्या महिन्याची राणी. त्या दुपारचा वास अजून नाकात आहे. डब्याला तुपाचा, बायकांच्या केसांना तेलाचा, आणि सगळ्यांच्या मधोमध मन्नू भाऊ, एकटा पुरुष, पोटासाठी परत मागावर लागलेला, तिथून तसाच आलेला, भुवयांवर पांढरं सूत.

चिठ्ठी गोदू काकूची निघाली. गोदू काकू म्हणजे केळीच्या दलालाची बायको, गल्लीत सगळ्यात कडक. आईने चिठ्ठी हातात धरून ठेवली.

"गोदू, तुझी पाळी मन्नूला द्यायची का? पुढच्या पण, आपल्या सगळ्यांच्या, तो उभा राहीपर्यंत. हप्ते तो भरणार, आपल्यासारखेच."

गोदू काकूने भाऊकडे पाहिलं. "आम्हाला काय मिळणार?"

"फुकट कनेक्शन, काकू."

"किती दिवस?"

"जनमभर," भाऊ ओरडला. म्हणजे त्याच्या हिशोबाने साधं बोलला.

"जनमभर म्हणजे?"

"आता जनमभर म्हणजे जनमभर काकू, अजून काय सांगू."

सगळ्या हसल्या. आईने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. झालं. कागद नाही, सही नाही. कोणाचा जनम, हे कोणी विचारलं नाही. कशाला विचारेल? त्या दिवशी सगळेच जिवंत होते.

ताटली, म्हणजे टीव्हीची डिश, बनवली खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याने. त्याने आयुष्यभर खिडक्याच केल्या होत्या, म्हणून सवयीने मधोमध पट्टी वाकवून एक फूल बसवलं. भाऊ कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अबे, सिग्नल येणार का फुलात?" तो म्हणाला, "आला तर सुंदर दिसेल." फूल अजून आहे. लुगडं फाटलंय तिथून दिसू राहिलं.

रिसीव्हर दिल्लीहून आला. आमच्याकडून केळीचे ट्रक तिकडे जायचे, येताना रिकामे. अशाच एका रिकाम्या ट्रकमध्ये, केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून तो खोका आला. नंतर कितीतरी दिवस, मशीन तापलं की वरच्या खोलीत पिकल्या केळीचा वास सुटायचा. लोक म्हणतात टीव्हीला वास नसतो. आमच्याकडच्या टीव्हीला होता.

आणि ताटली फिरवायचा तो दिवस. भाऊ गच्चीवर, दोन्ही हातांनी ताटली धरून, थोडी इकडे, थोडी तिकडे. खाली खोलीत टीव्हीसमोर शोभा वहिनी, नवीनच लग्न झालेली, डोक्यावरचा पदर सावरत पडद्याकडे बघू राहिली. तिचा आवाज वर पोचत नव्हता, म्हणून जिन्यात मी. बारावीला दुसऱ्यांदा बसलेला माणूस, वेळच वेळ. वहिनी हळूच म्हणायची, "मुंग्या." मी हेडमास्तरांच्या आवाजात वर पाठवायचो, "मुंग्याऽ, बेंचवर उभे राहा." वहिनी म्हणायची, "थोडं आलं." मी बसस्टँडच्या कंडक्टरच्या आवाजात, "इच्छापुर, इच्छापुर, थोडं आलंऽ, मागे सरका." वरून भाऊ खोकत ओरडायचा, "सरळ सांग बे." गल्लीतल्या गच्च्या भरलेल्या. ऊन एवढं की ताटलीने भाऊचे तळवे भाजले. मग वहिनी काहीच बोलली नाही. मी वाकून पाहिलं, तर पडद्यावर एक गोरी बाई कुठल्यातरी भाषेत हवामान सांगत होती, स्वच्छ, केसन् केस दिसत होता, आणि वहिनी तोंडावर पदर धरून उभी. मी वर ओरडलो, माझ्या स्वतःच्या आवाजात. तो आवाज कसा असतो हे त्या दिवशी मलाच नवीन वाटलं.

मग वायर. एका गच्चीवरून दुसरीवर, काळी, जाड. मध्ये मध्ये बूस्टर, म्हणजे भाऊच्या भाषेत कुंडी. ज्याच्या घरी बूस्टर, त्याचीच लाइट वापरायची, म्हणून तो गल्लीतला मानकरी. त्याच्या घरी लाइट गेली की पुढची सगळी घरं आंधळी, आणि मग लोक त्याच्या दारात. बूस्टरच्या डब्यांवर पावसासाठी तेलाची पिंपं कापून उलटी बसवलेली. सांध्यांवर दुधाच्या पिशव्या गुंडाळलेल्या. तरी पावसाळ्यात पाणी शिरायचं आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. संक्रांतीला मांजा वायर कापायचा. हिवाळ्यात माकडं वायरवर झोके घ्यायची. उन्हाळ्यात वायर मऊ होऊन खाली लोंबायची आणि उंट गेला तर मानेत अडकायची. भाऊ प्रत्येक मोसमात शिडी घेऊन फिरायचा. मागावरच्या लोकांकडे पण कनेक्शन होतं. त्यांनी टीव्ही कधी ऐकलाच नाही. माग चालू, तर आवाज ऐकू येत नाही. लाइट गेली, तर मागही बंद आणि टीव्हीही. तरी महिन्याचे पैसे त्यांनीच वेळेवर दिले.

संध्याकाळी भाऊचा स्वतःचा चॅनल असायचा. व्हीसीआरवर पिक्चर, आणि त्याआधी माइकवर भाऊ स्वतः. रोज तेच. "मंडळी, नमस्कार. मी," मग खोकला, "मनोहर बोलू राहिलो. आज पिक्चर चांगला आहे. लाइन गेली तर गच्चीवर दगड मारू नका. येतो मी." बस एवढंच. आणि गल्ली त्याची वाट बघायची. मी पानाच्या ठेल्यावर हे करून दाखवायचो. लोकांना खोकला फार आवडायचा. 'मी' आणि 'मनोहर' यांच्या मध्ये तो बरोब्बर आला की पानवाला कात सांडायचा. एकदा भाऊ मागे येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "खोकला जास्त घातला बे. एवढा नाही खोकत मी."

हप्ते त्याने सगळे भरले. बीसीचा डबा एकदाचा मोकळा झाला तेव्हा आईने परत साखर वाटली. आता देणं काही उरलं नाही, उरला तो फक्त शब्द, असं ती म्हणाली. तो शब्द घरोघर चालू होता. गोदू काकूच्या घरी तर टीव्ही बंद करायचेच नाहीत. फुकट आहे तर चालू दे.

मग भाऊ शिडी चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागला. मग शिडी माझ्या खांद्यावर आली. मग वहिनी गरम पाण्याची पिशवी घेऊन आत-बाहेर करायला लागली. डॉक्टर खंडव्याचा झाला, जळगावचा झाला. त्या दिवसांतलं मला काय आठवतं, तर ओव्याचा वास, आणि संध्याकाळी भाऊ अंथरुणातून म्हणाला ते. "आज तू बोल. माझ्यासारखं. लोकांना कळू देऊ नको."

मी वर जाऊन माइक धरला. "मंडळी, नमस्कार. मी," खोकला, "मनोहर बोलू राहिलो." खाली शेजाऱ्यांच्या टीव्हीतून माझा खोकला ऐकू आला, आणि त्याच्या लगोलग आतल्या खोलीतून त्याचा. खरा मागून यायचा. रोज असंच चाललं. लोकांना कळलं नाही. वहिनी खाली पोळ्या लाटत दोन्ही ऐकायची. एकदा मी खाली उतरलो तर भाऊ उशीला टेकून बसलेला. म्हणाला, "आता बरोबर जमला बे खोकला." मला वाटलं, शाबासकी आहे. मी हसलो पण. वहिनी नाही हसली.

भाऊला ताप्तीवर नेलं तेव्हा मोहल्ल्यातले माग बंद होते. दिवसाउजेडी एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. कोणीतरी दूरवर खोकलं आणि सगळ्यांनी मान वळवली.

त्यानंतर संध्याकाळी चॅनल लागायचा, पण न बोलता. पिक्चर सरळ सुरू व्हायचा, डोकं नसलेल्या माणसासारखा. वायरचं काम मी ओढत होतो, जमेल तसं. आणि मग इंदूरहून कंपनीचा साहेब आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. म्हणाला, अब सब को जोड़ना है. गावोगाव असंच चाललं होतं तेव्हा. गल्लीगल्लीतल्या ताटल्या बंद, सगळ्या लाइनी एकाच मोठ्या कंट्रोल रूमला, आणि फुकट कनेक्शन कोणालाच नाही. वहिनीला तो लाइनीचे पैसे देणार होता, बरेच देणार होता. जोड़ना, जोड़ना म्हणायचा, आणि त्याची पोरं हातात पक्कड घेऊन कापत फिरायची.

आई त्याला म्हणाली, "आमचं कनेक्शन जनमभराचं आहे."

साहेब हात जोडून म्हणाला, "माताजी, किसका जनम? जिसने बोला था, वो तो गए."

आई वाद अर्धवट टाकून आत निघून गेली. मी पहिल्यांदा पाहिलं तसं.

बातमी गल्लीत फिरली. गोदू काकू नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जनमभर म्हणला आणि आपण पाळ्या दिल्या. फसवलं मन्नूने." वहिनी तिथेच हंडा लावून उभी होती. हंडा भरून वाहू लागला तरी तिने नळ बंद केला नाही. घरी येऊन मला म्हणाली, "टीव्ही गेला तर जाऊ दे. पण त्याला खोटा म्हणतील रे आता. जनमभर." मग स्वतःच्याच शब्दाला अडखळली आणि आत गेली.

मी विचार केला, माझ्याकडे काय आहे? शिडी आहे आणि गळा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची पोरं आमची वायर कापणार होती. त्या संध्याकाळी मी कोणाला न सांगता वर गेलो. मशीन तापलेलं, केळीचा वास. माइकवर धूळ बसली होती, ती शर्टाने पुसली. खोकला घालू की नको, यावर माझी सुई अडकली. खोकला म्हणजे पानाच्या ठेल्यावरचं हसू. मेलेल्या माणसावर हसवायचं का? मी खोकला काढून टाकला.

"मंडळी, नमस्कार. मी मनोहर बोलू राहिलो."

खाली कुठेतरी भांडं पडलं. एकेका घरातला आवाज बंद होत गेला. मी बोलत राहिलो. "गोदू काकू, सगळ्या काकू. मी जनमभर म्हणालो होतो. जनम तुमचा नव्हता, माझा होता. तो होता तोवर लाइन चालू ठेवली. माझ्याकडे तेवढाच होता. राग धरू नका. उद्या लाइन जाईल. गच्चीवर दगड मारू नका. आता मी येणार नाही."

माइक बंद केला. नंतर कळलं, गोदू काकू टीव्हीसमोर हात जोडून बसली होती आणि नवऱ्याला म्हणाली, शब्द पाळला हो पोराने. सकाळी पोरांनी वायर कापली, ती काळी गुंडाळी होऊन गच्चीवरून खाली पडली, आणि कोणी दगड मारला नाही. काकूने तर पोरांना पाणी दिलं. भाऊला त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत कोणी खोटा म्हणालं नाही. आजपण नाही म्हणत.

आता गच्चीवर सगळीकडे छोट्या छोट्या ताटल्या उगवल्यात, घरटी एक, प्रत्येकाची आपली कुंडी, कोणाचं पाणी कोणाकडे जात नाही. मी मिरच्या लुगड्यासकट बाजूला काढल्या. नट फिरत नव्हता, तेल घातलं, मग कुरकुरत फिरला. पट्ट्या मोकळ्या केल्या. फूल शेवटी निघालं. भंगारवाल्याला ते दिलं नाही, खिशात मावलं. खालून पोळीचा वास आला, आणि वहिनीची हाक, "झालं का रे? उतर." जिना उतरताना मला वरच्या माइकच्या खोलीत खाल्लेली ती बोलणी आठवली.

त्या संध्याकाळी माइक बंद करून मी वळलो, तर दारात शोभा वहिनी. धापा टाकत. हाताला पीठ. पदर खाली ओघळलेला, तिला माहीतच नव्हतं. मला वाटलं, आता म्हणेल चांगलं केलं. निदान रडेल. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खोलीत चारी बाजूंना पाहिलं, माझ्या मागे पण पाहिलं.

"खोकला कुठे गेला?" ती म्हणाली.

"वहिनी, मला वाटलं, लोक हसतील म्हणून..."

"लोक गेले खड्ड्यात. खोकला का काढला तू? अकलेचं काही आहे का? किती वर्षं ऐकला मी तो. रात्रंदिवस ऐकला. मी खाली पोळी लाटू राहिले, टीव्हीवर आवाज आला. म्हटलं, हा आपला तूच असणार, आता खोकशील. खोकलाच नाही आला. तसाच बोलू राहिला, मोकळा, छाती साफ." तिने पिठाच्या हाताने चौकट धरली. "मला वाटलं, बरा झाला. तवा टाकून जिना चढले रे मी. दोन दोन पायऱ्या. बरा होऊन आला म्हणून. आणि वर येऊन बघते तर तू. पोळी जळली माझी तुझ्यापायी. हसू नको, रडू पण नको. ऊठ तिथून. ती त्याची जागा आहे. जा घरी."